चार्ज दिला, चार्ज घेतला



मी महूहून बोलतो आहे. महू म्हणजे इंदूरच्या शेजारची जुनी छावणी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव. ३२ वर्षं पायदळात नोकरी केली, २०१३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि इथेच घर केलं. आयुष्य छावण्यांतून गेल्यामुळे माझ्या मराठीत हिंदी आणि फौजी इंग्रजी मिसळलेलं आहे. बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला, दिल्लीला बसून ऐकणाऱ्या मराठी मंडळींना त्याचं नवल वाटू नये.

आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सीमेवरचे अनुभव सांगेन. मी म्हटलं, मला माझ्या खिशातल्या डायरीबद्दल बोलायचं आहे. जुनी डायरी गेली आणि तिच्या जागी मोबाईल आला, त्याबद्दल. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "सर, त्यात बोलण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, त्या अदलाबदलीत माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती चूक सध्या घराघरांत होते आहे. म्हणून बोलायचं.

हे पाहा. कॅमेऱ्यात नीट दिसतंय ना? तळहाताएवढं यंत्र, मागे दोन बारीक सेलची जागा, कडेला ही प्लास्टिकची काडी. याला म्हणायचे पाम. मॉडेल एम १०५. आज विशीत असलेल्या मुलांना वाटेल की हा कुठला तरी जुना फोन. पण यावरून फोन लागत नसे. याला सिम नव्हतं, कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हतं. ही नुसती डायरी होती. नावं, पत्ते, तारखा, करायची कामं आणि टिपणं.

पण पामच्या आधी वही होती, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९८१ साली सेकंड लेफ्टनंट म्हणून पलटणीत दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात आमच्या सुभेदार साहेबांनी माझ्यासमोर एक कोरी वही ठेवली. प्लॅटून कमांडरची वही. प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला ती ठेवावी लागते. प्लॅटूनमधल्या प्रत्येक जवानासाठी एक पान. नाव, नंबर, गाव, तालुका, जवळचं स्टेशन, लग्न झालंय का, मुलं किती, आईवडील हयात आहेत का, शेतीचा काही वाद आहे का, शेवटची रजा कधी मिळाली. सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, नाव तर सगळेच पाठ करतात. माणसाच्या घरी काय चाललंय ते लिहा. तेच कामाला येतं."

ते शब्द मी धरून ठेवले. कंपनी मिळाली तेव्हा वह्या वाढल्या, पलटण मिळाली तेव्हा आणखी वाढल्या. रजेवरून आलेला जवान भेटायला आला की मी वही उघडायचो. मागच्या वेळी त्याने सांगितलं असेल की वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तर मी विचारायचो, "वडिलांचा डोळा कसा आहे?" त्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडायचा, तो मी विसरणार नाही. त्याला वाटायचं साहेबांची स्मरणशक्ती दांडगी. स्मरणशक्ती वहीची होती.

२००१ मध्ये माझा मेहुणा अमेरिकेहून आला आणि त्याने हा पाम आणून दिला. पामची पहिली यंत्रं १९९६ मध्ये बाजारात आली होती. ती ज्याने घडवली त्या जेफ हॉकिन्सची एक गोष्ट मला फार आवडते. यंत्र बनवण्याआधी त्याने त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि तो खिशात घालून हिंडायचा. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचा. वस्तू खिशात मावते का, पटकन हाताशी येते का, हे त्याला यंत्रातल्या करामतींच्या आधी तपासायचं होतं. फौजी माणसाला हे लगेच पटतं. जे सामान कूच करताना अंगावर मावत नाही, ते नसल्यासारखंच.

या पामवर लिहायची एक खास लिपी होती. इंग्रजी अक्षरंच, पण बहुतेक एका फटक्यात काढायची. 'ए' लिहायचा तर मधली आडवी दांडी द्यायची नाही, नुसता डोंगर काढायचा. चाळिशी ओलांडलेला मी, बिगरीतल्या मुलासारखा आठ दिवस अक्षरं गिरवत बसलो. मग हात बसला. देवनागरी त्यात नव्हती, म्हणून मराठी टिपणं इंग्रजी अक्षरांत लिहायचो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. लष्करी कामाचं एक अक्षरही यात नव्हतं. ते खासगी यंत्रात ठेवायचं नाही, हा नियम. यात होती फक्त माणसं. जुन्या वह्यांमधल्या ज्या घरांशी संबंध टिकला होता त्यांची पानं मी रात्री बसून यात उतरवली. दोन सेल टाकले की कित्येक आठवडे पुरायचे. छावणीत वीज असो नसो, फरक पडत नव्हता.

त्याची एक खोड मात्र होती आणि ती पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. यातली सगळी माहिती सेलच्या जोरावर टिकायची. सेल बदलताना साधारण मिनिटभराची सवलत मिळे. तेवढ्यात नवे सेल बसवले नाहीत तर पाटी कोरी. म्हणून अधूनमधून तारेने पाम कॉम्प्युटरला जोडायचा आणि एक बटण दाबायचं, की सगळी नक्कल कॉम्प्युटरमध्ये उतरायची.

१६ वर्षं मी हे यंत्र वापरलं. त्या काळात ते बनवणारी कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी एचपीने त्यांचे फोनच बंद केले. माझा पाम कंपनीपेक्षा जास्त जगला. पण म्हातारपण त्यालाही आलं. काडी टेकवावी एका नावावर आणि उघडावं खालचं नाव, असं व्हायला लागलं. तोपर्यंत माझ्याकडे बोलण्यासाठी साधा बटणांचा फोन होता आणि लिहिण्यासाठी पाम. इकडे बँक म्हणायला लागली ओटीपी टाका, ॲप घ्या. २०१४ पासून पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आधारवर डिजिटल काढायची सोय झाली. घरातले म्हणाले, आता पुरे. २०१७ च्या दिवाळीत मुलीने स्मार्टफोन आणून हातात ठेवला.

आता आली अदलाबदलीची वेळ. पामची तार जुन्या पद्धतीची, नऊ पिनांची. नव्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. जुना कॉम्प्युटर निवृत्तीनंतर सामानासोबत आला तो काळ्या पेटीत बंद होता. फौजी घरांत काळ्या पेट्या असतातच, आणि एकदा बंद झालेली पेटी पुढच्या बदलीपर्यंत उघडत नाही. माझी पुढची बदली नव्हतीच.

तेव्हा ११ वर्षांची असलेली माझी नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही वाचा, मी टाईप करते." भाऊबीजेनंतर तीन दुपारी आम्ही दोघं बसलो. मी नाव आणि नंबर वाचायचो, ती भराभर टाकायची. एकूण ३८६ नावं. मध्येच तिने पामच्या पडद्यात डोकावून विचारलं, "आजोबा, या नावाखाली काहीतरी लिहिलंय. तेही घालू का?"

मी म्हटलं, "राहू दे गं, ते नंतर बघू."

मंडळी, माझ्या नोकरीत मी कितीतरी वेळा चार्ज दिला आणि घेतला. चार्ज घेणं म्हणजे काय, ते सांगतो. जुना अधिकारी लगेच निघून जात नाही. दोघं काही दिवस बरोबर राहतात. लेजर उघडलं जातं. त्यात लिहिलेली वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवून मोजतात. रायफल असेल तर तिचा नंबर वाचून पाहतात. कमी भरलं तर तसं लिहितात. मग दोघं सह्या करतात. सही झाल्यावर जबाबदारी नव्या माणसाची.

आणि मी काय केलं? पाममध्ये ३८६, फोनमध्ये ३८६. आकडा जुळला, मी मनातल्या मनात सही ठोकली. रायफली मोजल्या, बोल्ट आत आहेत की नाही ते पाहिलंच नाही.

त्यावर कडी अशी की मी पामचे सेल काढून ठेवले. वापरात नसलेल्या यंत्रात सेल ठेवले तर ते गळतात आणि यंत्र खराब होतं, म्हणून साठवणीत ठेवताना सेल काढायचे, ही फौजेची शिस्त. नियमाप्रमाणे सेल काढले, पाम फडक्यात गुंडाळला, ड्रॉवरमध्ये ठेवला. मिनिटभराची ती खोड मला १६ वर्षं ठाऊक होती. त्या दिवशी आठवली नाही. हात सवयीने चालला आणि डोकं मागे राहिलं.

जून २०१८ मध्ये एक फोन आला. पडद्यावर माझ्या एका नाईकाचं नाव उमटलं. मी चमकलो, कारण तो जवान २००३ मध्ये गेला होता. रजेवरून परत येताना रस्त्यावर अपघात झाला होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, ते त्याच्या घरच्यांचं आहे.

पलीकडून त्याची बायको बोलत होती. "साहेब, ओळखलं का? तुम्ही म्हणाला होता, कधी काही अडलं तर फोन कर, मी सगळं लिहून ठेवलंय."

तिची अडचण अशी. लग्नानंतर जवानाच्या कागदपत्रांत बायकोची नोंद होते, तेव्हा तिचं माहेरचं नाव लागलं होतं. पेन्शन त्याच नावाने सुरू झाली. पुढे आधार आलं, ते सासरच्या नावाने. १५ वर्षं काही बिघडलं नाही. मग बँकेने कागद जुळवायला घेतले आणि दोन नावं दोन बायकांची वाटायला लागली. त्यात तिने दाखला दिला आधारच्या नावाने. पेन्शन थांबली. चार महिने झाले होते. मुलगा कॉलेजात, सासू अंथरुणावर. ती म्हणाली, "साहेब, मी तीच आहे हे मी कुणाला आणि कसं सांगू?"

दोष कुणा एकाचा नव्हता. नियमाने कागद बघणारा माणूस कागदच बघणार.

मी म्हटलं, "ताई, दोन मिनिटं थांबा, माझ्याकडे टिपण आहे." फोनमध्ये तिच्या नवऱ्याचं नाव उघडलं. नाव आणि नंबर. खाली काही नाही.

मला एवढं पक्कं आठवत होतं की २००३ मध्येच ही नावाची गफलत आमच्या लक्षात आली होती. आमच्या हेडक्लार्कने दुरुस्तीचा कागद करून रेकॉर्ड ऑफिसला पाठवला होता आणि मी त्या पत्राचा नंबर आणि तारीख लिहून ठेवली होती. पण नंबर काय? तारीख कुठली? १५ वर्षांपूर्वीचं पत्र नंबराशिवाय शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत काडी शोधण्यासारखं.

धावत ड्रॉवर उघडला. सेल बसवले. पाम सुरू झाला आणि त्याने अगदी नम्रपणे मला स्वागताचा पडदा दाखवला. काडीने अमुक ठिकाणी टेका, तमुक ठिकाणी टेका. जणू आजच दुकानातून आणलाय. १६ वर्षांत लिहिलेलं एक अक्षर शिल्लक नव्हतं. आमची मंडळी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती अशा वेळी बोलत नाही, हे तिचे उपकार.

मग आठवली काळी पेटी. माळ्यावरून खाली उतरवली. जुना कॉम्प्युटर काढला, फुंकर मारली, जोडला. दोन वेळा नुसता घरघरला. तिसऱ्या वेळी सुरू झाला. आतलं घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन थांबलं होतं. पामची शेवटची नक्कल त्यात होती, डिसेंबर २०१२ ची, निवृत्तीच्या आधी सामान बांधताना घेतलेली. त्या नाईकाचं नाव उघडलं. खाली माझं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. पत्नीचं नाव माहेरचं लागलंय, दुरुस्ती पाठवली. पुढे पत्राचा नंबर आणि तारीख. शेवटी एक ओळ, मुलगा तीन वर्षांचा, आजीला सोडत नाही.

तो नंबर मी त्या ताईंना वाचून दाखवला. मग तिच्या नावाने अर्ज लिहून दिला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणाला भेटायचं ते सांगितलं, रेकॉर्ड ऑफिसला मीही पत्र लिहिलं. जुनं पत्र त्यांच्या फाईलमध्ये सापडलं. आणखी पाच महिने लागले, पण पेन्शन सुरू झाली आणि थकलेली रक्कमही मिळाली. तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "साहेब, तुमची स्मरणशक्ती अजून चांगली आहे हो." मी काय बोलणार?

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. अर्धाच झाला. कारण २०१३ ते २०१७ ही पाच वर्षं कुठल्याच नक्कलेत नव्हती. माझी आई २०१६ मध्ये गेली. शेवटची दोन वर्षं ती आमच्याकडे महूला होती. संध्याकाळी अंगणात बसली की जुन्या गोष्टी निघायच्या. तिच्या माहेरच्या वाड्यात कोण कुठल्या खोलीत राहायचं, कुणाचं लग्न कुणाशी झालं, कुणाला कुठल्या नावाने हाक मारायचे, कुठला चुलता रागावून हैदराबादेकडे निघून गेला. मी पाममध्ये चार-चार ओळी टिपून ठेवायचो. म्हणायचो, नंतर नीट लिहून काढू. ते गेलं. आईला पुन्हा विचारता येत नाही. त्या ताईंचा कागद सापडला, माझा सापडला नाही.

म्हणून आता, तुमच्यापैकी जे कुणी जुनी वही, डिजिटल डायरी किंवा जुना फोन सोडून नव्या फोनवर जाणार आहेत, त्यांच्यासाठी चार्ज घेण्याची पद्धत सांगतो. मी ती चूक केल्यावर शिकलो. तुम्ही आधीच शिका.

पहिलं, लेजर लिहा. जुन्या वस्तूत काय काय आहे, त्याची कागदावर यादी करा. फक्त फोन नंबर नव्हे. टिपणं, वाढदिवस, पुण्यतिथी, विम्याच्या तारखा, औषधांची नावं, लॉकरचा नंबर. यादी केल्याशिवाय काय राहून गेलं ते कळत नाही.

दुसरं, नावं कुठे ठेवताय ते बघा. फोनमध्ये नाव जतन करताना विचारतो, सिमवर, फोनवर की अकाउंटवर? सिमवर साधारणपणे नाव आणि नंबर एवढंच मावतं, टिपण मावत नाही. नुसत्या फोनवर ठेवलं आणि फोन पडला, बुडाला, चोरीला गेला, की सगळं गेलं. अकाउंटवर ठेवलं तर नवा फोन घेतल्यावर ते परत उतरतं. मात्र त्या अकाउंटचा पासवर्ड आपल्याला ठाऊक पाहिजे. दुकानातल्या मुलाने अकाउंट उघडून दिलं आणि पासवर्ड त्यालाच माहीत, असे माझे दोन मित्र आहेत.

तिसरं, आकड्यावर सही करू नका. ३८६ ला ३८६ जुळले म्हणजे काही सिद्ध होत नाही. कुठलीही दहा नावं उघडा आणि जुनं-नवं शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहा. टिपण आलं का? दुसरा नंबर आला का? तारीख बरोबर आहे का? दहांत एक चुकलं तर सगळं पुन्हा तपासा.

चौथं, जुन्याला लगेच रजा देऊ नका. निदान महिनाभर दोन्ही चालू ठेवा. फौजेत जाणारा आणि येणारा अधिकारी बरोबर राहतात ते चहा पिण्यासाठी नव्हे. नव्या माणसाला न सुचलेला प्रश्न जुना माणूस सोडवतो. आणि सेल काढण्याआधी, फोन विकण्याआधी, वही रद्दीत टाकण्याआधी एकदा थांबा. ही गोष्ट परत आणता येणार आहे का, एवढं विचारा.

पाचवं, नक्कल दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती नक्कल उघडते का, ते वर्षातून एकदा पाहा. माझी नक्कल होती, पण पाच वर्षं शिळी. मी आता दर १५ ऑगस्टला झेंडावंदनाहून आलो की हे काम करतो. तारीख लक्षात राहते.

जुन्या कॉम्प्युटरवरची नावं मी नंतर फोनमध्ये कशी आणली, तेही सांगतो, कारण अनेकांकडे जुने कॉम्प्युटर आहेत. पामच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून नावांची फाईल बाहेर काढता येते. व्हीकार्ड नावाच्या प्रकारात काढली की गूगलच्या संपर्कयादीत ती सरळ घेता येते. मुलीने ती खटपट केली. टिपणं आली, पण इंग्रजी अक्षरांत. मग मी ती एकेक करून देवनागरीत आणली. २०१७ पासून फोनवर मराठीत बोलून लिहायची सोय आहे. रोज सकाळी चहानंतर पाच नावं. पाच वाचायची, बोलायची, दुरुस्त करायची. अडीच-तीन महिने लागले. त्या निमित्ताने कित्येक घरी फोन झाले. काही नंबर बंद होते. काही माणसं राहिली नव्हती. त्यांची नावं मी काढली नाहीत. त्या नंबरांवर आता कुणाची तरी बायको, कुणाचा तरी मुलगा बोलतो.

हे सगळं सांगताना मी नव्या फोनवर रुसलेलो नाही. पाममध्ये मला आईच्या भाषेत, आईच्या अक्षरांत लिहिता आलं नाही. फोनमध्ये येतं. तिचा आवाज तेव्हा फोनवर टिपला असता तर आज ऐकता आला असता. फोनचे उपकार मोठे आहेत. पण दोन बाबतींत पाम शहाणा होता.

एक, तो गप्प बसायचा. मी उघडला तर बोलायचा. फोन आपल्यालाच उघडत राहतो. जवानाच्या घरचं टिपण वाचायला हातात घ्यावा, तर वर कुणाचा तरी सुप्रभात, खाली सेलची जाहिरात, आणि अर्ध्या तासाने आठवतं की आपण कशासाठी बसलो होतो. मी पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी ठेवल्या आहेत. फोन, नावं, कॅलेंडर, टिपणं. बाकी सगळ्यांचं बोलणं बंद करून टाकलं आहे. त्यांना गरज असली तर मी त्यांच्याकडे जातो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पामला जगाशी जोडणारी तार नव्हती. त्यातली माहिती चोरायची तर माझ्या खिशात हात घालावा लागला असता. फोनमध्ये एखादं फालतू खेळाचं ॲप घेतलं की ते विचारतं, तुमचे संपर्क बघू का? आपण अंगठा टेकवून हो म्हणतो. मंडळी, ती नावं आपली नाहीत. त्या ताईंनी त्यांचा नंबर मला दिला, खेळाच्या ॲपला नव्हे. आपण जेव्हा हो म्हणतो, तेव्हा दुसऱ्याच्या घराची किल्ली तिसऱ्याला देतो. आणि तुम्हाला माहीतच आहे की पेन्शनवाल्यांना, एकट्या राहणाऱ्या बायकांना कसले कसले फोन येतात. दाखला संपलाय, ओटीपी सांगा. असे फोन आले की सरळ ठेवून द्या. कुठलीही खरी बँक फोनवर ओटीपी मागत नाही. आणि ॲपला संपर्क दाखवण्याआधी एक क्षण थांबा, ज्यांचे नंबर आहेत त्यांना विचारलंय का?

शेवटचा मुद्दा. पलटणीत कमांडिंग ऑफिसरच्या खालोखाल टू-आय-सी असतो, सेकंड-इन-कमांड. साहेब नसले तरी काम थांबू नये म्हणून. आपल्या फोनचा टू-आय-सी कोण? आपल्याला काही झालं तर तो फोन कोण उघडणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाममध्ये काय आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फोनचंही तेच होणार होतं.

म्हणून गेल्या दसऱ्याला मी आमच्या मंडळींना समोर बसवलं. म्हटलं, चार्ज घ्यायचा आहे. ती हसली. मग मी फोन उघडायचा आकडा दिला, अकाउंटचा पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवला, आणि कुठलं टिपण कुठे असतं ते दाखवलं. एकेका घराची ओळख करून दिली. हा अमुक, याच्या बायकोचा फोन आला तर असं असं. तिने मला एकच प्रश्न विचारला, "यांना मी काय नाव सांगायचं? मला कुठे ओळखतात?" मी म्हटलं, सांग, साहेबांनी लिहून ठेवलंय. तेवढं पुरेल.

ती वही जुन्या पद्धतीची आहे, एका घराला एक पान. फोनचा कागदावरचा चार्ज, असं म्हणा. त्या नाईकाच्या पानावर मी खाली लिहिलं, पेन्शन सुरू झाली, मुलगा कॉलेजात, आजी गेली. ही शेवटची बातमी त्याच मुलाने मला कळवली होती. खाली तारीख टाकली. मंडळींनी आणि मी, दोघांनी सही केली.

तुम्हाला एकच काम सांगतो. आज रात्री जेवण झालं की फोनमधलं कुठलंही एक नाव उघडा आणि त्याच्याखाली तुम्हाला त्या माणसाबद्दल जे ठाऊक आहे ते दोन ओळींत लिहा. घरी आई असेल, आजी असेल, तर ते नाव तिला विचारून लिहा. नंतर बघू म्हणू नका. ते मी म्हणून पाहिलंय.

जय हिंद.